डॉक्टरांच्या हलगर्जीबद्दल दाद मागायची आहे, पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत

शिवणघर

नमस्कार. इथे एरवी फक्त वाचते. आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर मार्केट यार्डात हमाली करायचे. त्यांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली आणि तोवर काम बंद ठेवून घरी बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगायला लागलं, ताप चढला, घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरेना. मी प्रत्येक राउंडला सांगत होते. "गॅस आहे, चालायला लावा," एवढंच उत्तर. चौथ्या दिवशी बिलाची बाकी भरा म्हणून तगादा लागला आणि संध्याकाळी डिस्चार्ज दिला. निघताना तीन-चार कागदांवर सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होते. मी करून टाकल्या.

घरी एक रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी ते ओळख देईनात. रिक्षाने जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं, तिथे त्याच रात्री पोट उघडलं. आतड्याला भोक पडलं होतं आणि सगळी घाण पोटात पसरली होती. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण तेव्हापासून पोटावर शौचाची पिशवी आहे. ती काढायचं ऑपरेशन "अजून ताकद येऊ द्या" म्हणत पुढे चाललंय. ओझं उचलायचं नाही असं सांगितलंय. हमाल माणसाने मग करायचं काय?

पहिल्या हॉस्पिटलला आम्ही ६२ हजार दिले. त्यातल्या ३८ हजारांची पावती आहे, बाकीची मिळाली नाही. बचत गटाचं कर्ज काढलं, मंगळसूत्र गहाण आहे. मी ब्लाउज शिवते, मुलगी बारावीला आहे.

या सगळ्याला १४ महिने झाले. केसपेपर मागायला तीनदा गेले. "साहेबांना विचारून सांगतो," म्हणून परत पाठवलं. एका वकिलांकडे गेले तर हातात फाईल घेण्याआधी ४० हजार लागतील म्हणाले. त्यांचंही पोट आहे, मी समजू शकते. पण आमच्याकडे नाहीत.

मला कुणावर सूड घ्यायचा नाही. यांचं पुढचं ऑपरेशन व्हावं, घर चालावं इतकं मिळालं तर हवं आहे. आणि खरं सांगते, एकदा कुणीतरी समोर बसून म्हणावं की बाई, तुम्ही त्या चार दिवसांत जे सांगत होतात ते खरं होतं.

कुठे जायचं, कुणाला भेटायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा.

घाटमाथा

ताई, वाचून हात थरथरले. अशा ठिकाणी अर्ज-विनंत्या करून काही होत नाही. चार कार्यकर्ते घेऊन जा आणि काउंटरवर आवाज चढवा, तासाभरात कागद बाहेर येतात. आमच्याकडे असंच झालं होतं.

पायरी_कोर्टाची

घाटमाथा, तुमचा संताप मला समजतो, पण हा सल्ला ताईंनी कृपया अजिबात ऐकू नये. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवर आणि संस्थांवर होणाऱ्या हिंसेचा वेगळा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. वर मोडतोड झालेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी असतात, नाव मात्र नातेवाइकाचं लागतं. मी विधी सेवेत स्वयंसेवक म्हणून काम करते आणि न्याय मागायला निघालेली माणसं आरोपी होऊन बसलेली पाहिली आहेत.

ताई, आता तुमच्याविषयी. तुम्हाला वकील फुकट मिळू शकतो. यात कुणाची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आलं आणि त्यावर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ उभा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतली माणसं, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. म्हणजे तुम्ही स्त्री म्हणून बसता आणि तुमचे मिस्टर उत्पन्नावर बसतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकला असेल तर थांबू नका, कायद्यात प्रतिज्ञापत्र पुरेसं धरायची सोय आहे.

जायचं कुठे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फाटकावर "विधी सेवा कुठे" एवढं विचारलं तरी कुणीही दाखवेल. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथली माणसं लिहून घेतात, ते त्यांचं कामच आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, टायपिंग, नकलांचा खर्चसुद्धा त्यात येतो. त्यामुळे पॅनलवरच्या वकिलाने "वरखर्चाला" म्हणून काही मागितलं तर देऊ नका. प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. सचिव हे न्यायाधीश असतात आणि वकील बदलून मिळतो.

पण त्याआधी, अगदी उद्याच, एक काम करा. केसपेपरसाठी तोंडी विचारणं बंद करा. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात आणि दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षं जपायचे असतात. अर्ज मिस्टरांच्या सहीने द्या. तीनदा गेलात त्याचा कुठे पुरावाच नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. गरीब माणूस दहा खेटे घालतो आणि कागदावर एकदाही उमटत नाही.

मंद_भूल

मी भूलतज्ज्ञ आहे. डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण समोरचा वकील तिथूनच सुरुवात करेल.

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आतड्याला इजा होणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. चांगल्या सर्जनच्या हातूनही ती होऊ शकते. नुसतं "भोक पडलं" एवढ्यावर हलगर्जी सिद्ध होत नाही. कायदा विचारतो तो प्रश्न असा: त्याच विषयातला साधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत काय करता?

ताई, तुमची खरी बाजू ऑपरेशनच्या टेबलावर नाही, नंतरच्या चार दिवसांत आहे. पोट फुगलेलं, ताप, उलट्या, अशा रुग्णाची रक्ततपासणी, पोटाचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाली का? वरिष्ठ सर्जनने येऊन पोटाला हात लावला का? आणि त्या अवस्थेत घरी का सोडलं? म्हणून कागद मागताना मोघम "फाईल द्या" म्हणू नका, नावानिशी मागा: संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सगळे तपासणी अहवाल, बिलाचा तपशील, डिस्चार्ज कार्ड. आणि नर्सिंगचा टीपीआर चार्ट, ज्यावर ताप, नाडी, श्वास दर काही तासांनी लिहिलेले असतात. नातेवाईक तो मागायला विसरतात. राउंडच्या नोंदी घाईत दोन शब्दांत लिहिल्या जातात, चार्ट मात्र सिस्टर रात्री दोन वाजताही भरत असतात.

दुसरी गोष्ट, सरकारी रुग्णालयातली ऑपरेशनची नोंद. पोट उघडल्यावर आत काय दिसलं, भोक कुठे होतं, पू किती होता, हे त्यात असणार. भोक किती दिवसांचं असावं याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. तिथल्या रेकॉर्ड विभागात ओळखपत्र घेऊन अर्ज करा.

जुनी_फाईल

माझ्या बहिणीचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात बिघडलं होतं, म्हणून सरकारी दवाखान्याविषयी थोडं लिहितो. या ताईंना लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथे ग्राहक आयोगाचं, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाचं, दार सहसा उघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालात तसं ठरलं आहे. त्याच निकालात हेही आहे की जे रुग्णालय काहींकडून पैसे घेतं आणि काहींवर मोफत उपचार करतं, तिथला मोफत रुग्णसुद्धा ग्राहकच. ट्रस्टच्या हॉस्पिटलात फुकट खाटेवर असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

सरकारी असेल तर दिवाणी दावा. आधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली "नादार" म्हणून दावा दाखल करता येतो. बहिणीला तो शब्द ऐकूनच रडू आलं होतं. कोर्टात उभं राहून आपल्याकडे काही नाही हे सिद्ध करायचं, भांडी-कपडे सोडून काय आहे ते मोजून दाखवायचं. मी तिला सांगितलं, ही लाज तुझी नाही.

आणि गरिबांचे असे दावे टिकलेले आहेत. हरियाणातल्या एका मजूर बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली, एकाच बाजूची नळी बांधली होती, पुन्हा दिवस राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ५४ हजारांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरच्या चुकीला सरकार जबाबदार म्हटलं. आपल्याकडचं उदाहरण औरंगाबादचं. १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर बाईच्या पोटात कापडाचा बोळा राहिला, बाई गेली. सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरलं तेव्हा १९९६ साल होतं. तेहतीस वर्षं. मी हे घाबरवायला लिहीत नाही. ते घर तेहतीस वर्षं मागे हटलं नाही, हे मला बहिणीला सांगता आलं.

सरकारी कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार वापरा. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, ३० दिवसांत उत्तर. आमचे कागद तसेच निघाले.

अ‍ॅड_सांजवेळ

ग्राहक आयोगात बरीच वर्षं वकिली करतो. वरच्या प्रतिसादांना काही जोड देतो.

ताई, आधी तारीख. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे घटनेपासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि तिथेच पहिली लढाई होऊन बसते. तुमचे १४ महिने गेलेत. दहा महिने भरपूर वाटतात, पण केसपेपर, वकील नेमणूक, तज्ज्ञाचं मत यात ते बघता बघता संपतात.

फीबद्दल लोकांचा गैरसमज असतो. तुम्ही किती भरपाई मागता यावर आयोगाची फी ठरत नाही, हॉस्पिटलला किती मोबदला दिलात यावर ठरते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणून तुमच्या ६२ हजारांवर एक रुपयाही लागत नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, हॉस्पिटल कुठेही असो. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं, पण वैद्यकीय प्रकरणात मी ते सुचवणार नाही. समोर विमा कंपनीचा अनुभवी वकील असतो.

विधी सेवेत एखादा कारकून "ग्राहक आयोग हे कोर्ट नाही, तिथे आमचा वकील येत नाही" असं म्हणेल. ऐकून घेऊ नका. त्या कायद्यातल्या "न्यायालय" या शब्दात असे आयोग, न्यायाधिकरणं येतात. अर्जातच "जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्यासाठी" असं लिहा.

पावती नसलेल्या २४ हजारांचं टेन्शन घेऊ नका. बचत गटाचं कर्ज कधी उचललं, मंगळसूत्र कोणत्या तारखेला गहाण पडलं, याच्या नोंदी जोडा. तारखा जुळल्या की त्या बोलतात.

आणखी एक दार आहे, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही: स्थायी लोकअदालत. विधी सेवा कायद्याच्या कलम २२-अ मध्ये रुग्णालयाची सेवा ही सार्वजनिक उपयोगिता सेवा धरली आहे. फी नाही, आणि तडजोड झाली नाही तरी ती निकाल देऊ शकते. सगळ्या जिल्ह्यांत ती नाही, तुमच्याकडे आहे का ते प्राधिकरणात विचारा. साध्या लोकअदालतीत मात्र जपून. तिथे सही केलेल्या तडजोडीवर अपील नाही. प्रकरण उभं राहिलं की हॉस्पिटलकडून निरोप येईल, "दहा-पंधरा हजार घ्या आणि मिटवा." पैशांची गरज असलेल्या माणसाला त्या क्षणी ते फार वाटतात. वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही सही नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

घाटमाथा

माझं वरचं मागे घेतो. पण एक विचारतो, पोलिसांत जायचं नाही का? आणि मेडिकल कौन्सिल?

अ‍ॅड_सांजवेळ

फौजदारीसाठी २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाची अट आहे: निष्काळजीपणा घोर असला पाहिजे आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, निःपक्ष मत घ्यायचं. या प्रकरणात ते अवघड दिसतं आणि त्यातून घर चालणार नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी काही काळ निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. तक्रार जरूर करा, पण आयोगाची तक्रार त्यासाठी अडवून ठेवू नका.

पायरी_कोर्टाची

एक राहिलं. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे ना? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत. तुमचं रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे? दाखल करताना कुणी या खाटांबद्दल सांगितलं होतं का? नसेल तर धर्मादाय कार्यालयात वेगळा अर्ज करा.

शिवणघर

केशरी कार्ड आहे. खाटांबद्दल कुणी काही बोललं नाही. आम्हालाही माहीत नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी रात्री यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, उद्या अर्ज लिहू, सही मी करतो.

शिवणघर (पाच आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. दिवाळीच्या शिलाईची गर्दी होती.

केसपेपरच्या अर्जाला पोच दिली नाही, स्पीड पोस्टाने पाठवला. दहा दिवस काही नाही. मग विधी सेवेतून एक पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी फोन आला की येऊन घेऊन जा. झेरॉक्सचे पैसे घेतले, पण पावती मागून घेतली.

मंद_भूल, तुम्ही सांगितलेला चार्ट फाईलमध्ये आहे. वकीलबाईंनी मला समजावून सांगितला. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ताप १०१.८ आणि नाडी १२४. त्याच पानावर सिस्टरनी लिहिलंय, "पोट फुगल्याची नातेवाइकांची तक्रार, डॉक्टरांना कळवले." तीन वेळा लिहिलंय. माझं नाव नाही, पण ती नातेवाईक मी आहे.

आणखी एक कागद निघाला. मी सही केलेल्यांपैकी एक. त्यात छापलंय की डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. मी असं कधीच म्हटलं नाही. आम्ही तर पाया पडत होतो की ठेवून घ्या, पैसे आणून देतो. सही माझीच आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आपल्याच हाताने यांचं नुकसान केलं असं वाटतंय.

मंद_भूल

नाडी १२४ आणि ताप असलेल्या, पोट फुगलेल्या रुग्णाला घरी सोडणं मला डॉक्टर म्हणून समजत नाही. त्या सिस्टरचं मला कौतुक वाटतं. ताई, त्या फॉर्मसोबत डॉक्टरांच्या त्या दिवसाच्या नोंदी बघा. नातेवाईक खरंच सल्ला झुगारून निघाले असते तर "धोका समजावला, थांबायला सांगितलं" असं डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं असतं. नुसता छापील फॉर्म आणि बाकी काही नाही, असं असेल तर वकीलबाईंना ते दाखवा.

अ‍ॅड_सांजवेळ

सही केली म्हणून हलगर्जी माफ होत नाही. फॉर्म इंग्रजीत होता, तुम्हाला वाचून दाखवला नाही, बिलाच्या तगाद्यानंतर लगेच सही घेतली, हे सगळं शपथपत्रात यायला हवं. त्या वेळी शेजारच्या खाटेवर कोण होतं आठवतंय का? त्यांचा शोध घ्या. आणि जेवा. पुढे बरीच धावपळ आहे.

जुनी_फाईल

बहिणीकडून निरोप: तिनेही असा कागद सही केला होता. सगळ्यांनी केलेला असतो.

शिवणघर (आणखी दोन महिन्यांनी)

नोंदींमध्ये "थांबायला सांगितलं" असं कुठेच नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून सापडली. ती शपथपत्र द्यायला तयार आहे, तिनेच "तुम्ही किती विनवत होता" म्हणून आठवण काढली.

तक्रार दाखल करून घेतली. हॉस्पिटलला नोटीस गेली, उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ असतात असं वकीलबाई म्हणाल्या. निरोपही आला, सांजवेळ म्हणाले होते तसाच, २५ हजार. यांनीच फोन ठेवला. पिशवी काढायच्या ऑपरेशनसाठी सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटलो, जन आरोग्य योजनेतून होतं का ते बघून सांगणार आहेत.

आता एक छोटी अडचण. पुढच्या तारखेला यांना स्वतः यायचंय. वकीलबाई म्हणाल्या गरज नाही, पण ते ऐकत नाहीत. घरापासून दोन तास एसटीचा प्रवास. पिशवी गळली तर तिथे बदलायला जागा असते का? लोकांसमोर यांना ओशाळं वाटेल.

पायरी_कोर्टाची

आमच्या विधी सेवेच्या ऑफिसमागे एक खोली आहे, नळ आहे, आतून कडी लागते. प्रत्येक ठिकाणी काही ना काही सोय असते, तुमच्या वकीलबाईंना आदल्या दिवशी फोन करून सांगा, त्या खोली उघडून ठेवायला सांगतील. दोन जादा पिशव्या, जुन्या मऊ सुती कापडाचे तुकडे आणि एक सदरा सोबत ठेवा. एसटीत बसण्याआधी पिशवी रिकामी करा. तारीख कोणती आहे तेवढी कळवा.